न सुटणारा रंग

(क्षयरोगाचे जंतू इतके बारीक आणि पारदर्शक असतात, की नुसत्या सूक्ष्मदर्शकातून ते नजरेस पडत नाहीत. ते दिसावेत म्हणून त्यांना रंग द्यावा लागतो. हा रंग कसा सापडला आणि त्याला कोणाकोणाचे हात लागले, त्याची हकिकत या पाठात सांगितली आहे.)

ईदच्या आदल्या रात्री घराघरांत मेंदीचा वास दरवळत असतो. थोरली बहीण धाकटीच्या तळहातावर वेलबुट्टी काढते. मेंदी वाळत आली, की आजी चुलीवर तवा ठेवते, त्यात चार लवंगा टाकते आणि म्हणते, "चल, हात धर धुरावर. रंग चढेल." सकाळी हात धुतले, की पाने-फुले लालभडक उमटलेली असतात. साबणाने कितीही घासले, तरी रंग सुटत नाही. पण त्याच मेंदीचा एखादा थेंब हाताच्या मागच्या बाजूला पडला, तर तिथला डाग फिकाच राहतो आणि लवकर निघून जातो. तळहाताची कातडी जाड असते. तिथे रंग आत मुरतो. मागची कातडी पातळ असते. तिथे तो टिकत नाही.

एका जागी पक्का बसणारा आणि दुसऱ्या जागी कच्चा राहणारा रंग, ही गोष्ट लक्षात ठेवा. क्षयरोगाच्या तपासणीचे सारे मर्म तिच्यात आहे. आजीचा गरम तवासुद्धा या गोष्टीत पुढे येणार आहे!

क्षय म्हणजे झिजणे. या रोगात माणूस दिवसेंदिवस झिजत जातो. संध्याकाळी बारीक ताप येतो, खोकला थांबत नाही, पुढे खोकल्यातून रक्त पडू लागते. उर्दूत या रोगाला 'तपेदिक' म्हणतात. त्यातल्या 'तप'चा अर्थ ताप, हे तुम्हांला सांगायला नकोच. आता सगळेच जण त्याला टी.बी. म्हणतात.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी युरोपात या रोगाने कहर केला होता. तिथे मरणाऱ्या दर सात माणसांमागे एक जण क्षयाने मरत असे. रोग कशामुळे होतो, याबद्दल मात्र डॉक्टरांचे एकमत नव्हते. पुष्कळ जण म्हणत, हा रोग घराण्यातून येतो. एका घरात आई, मग मुलगी, मग मुलगा असे एकामागून एक लोक जात. त्यामुळे हे म्हणणे खरेही वाटे. १८६५ मध्ये व्हिलमँ नावाच्या एका फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी क्षयाच्या रोग्याच्या शरीरातील थोडा भाग सशांना टोचला आणि त्या सशांना क्षय झाला. म्हणजे हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे त्यांनी दाखवून दिले. तरीही पुष्कळांचा विश्वास बसला नाही. कारण रोग नेणारा तो 'कोण', हे कोणालाच दिसत नव्हते.

सूक्ष्मदर्शक तर होता. मग जंतू का दिसत नव्हते? पाण्याने भरलेल्या भांड्यात काचेचा बारीक तुकडा टाकून पाहा. तो तिथे असतो, पण डोळ्यांना दिसत नाही. जंतूंचेही तसेच आहे. शिवाय क्षयाचा जंतू फारच लहान असतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतल्या दोन ते चार भागांएवढी त्याची लांबी. जाडी त्याहूनही कितीतरी कमी.

या अडचणीत मदत आली ती कापड रंगवणाऱ्यांकडून. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून हिवतापाचे औषध, क्विनीन, तयार करू पाहत होता. क्विनीन काही तयार झाले नाही. भांड्याच्या तळाशी काळपट गाळ उरला. तो धुता धुता त्यातून सुंदर जांभळा रंग निघाला. डांबरापासून रंग तयार करण्याच्या उद्योगाची सुरुवात तिथून झाली. लवकरच जर्मनीत मोठमोठे कारखाने उभे राहिले आणि बाजारात लाल, निळे, तपकिरी असे नवनवे रंग आले. ते रंग खरे तर रेशमासाठी आणि सुतासाठी होते. डॉक्टरांनी ते शरीराच्या पातळ कापांवर टाकून पाहिले. तेव्हा असे दिसले, की एखादा भाग एक रंग धरतो, तर दुसरा भाग दुसरा रंग धरतो. जंतूसुद्धा रंग धरतात, हेही कळले.

परंतु क्षयाचा जंतू काही केल्या रंग घेईना.

रॉबर्ट कॉख हे आधी एका लहानशा गावी डॉक्टर होते. रोगी तपासून उरलेल्या वेळात ते घरीच जंतूंवर प्रयोग करीत. १८८० साली त्यांना बर्लिनच्या सरकारी आरोग्य कार्यालयात बोलावून घेण्यात आले. १८८१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी क्षयाचे काम हाती घेतले. एकामागून एक रंग वापरून पाहिले. शेवटी मिथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगात त्यांनी थोडा अल्कली मिसळला आणि काचपट्ट्या त्यात जवळजवळ चोवीस तास बुडवून ठेवल्या. नंतर वर तपकिरी रंग दिला. तपकिरी रंगाने आजूबाजूचा सारा निळा रंग घालवला. पण काही बारीक, किंचित वाकलेल्या काड्या मात्र निळ्याच राहिल्या. हेच ते जंतू! कॉख यांनी पुढे ते शरीराबाहेर वाढवले, प्राण्यांना टोचले आणि त्या प्राण्यांत पुन्हा तोच रोग, तेच जंतू दाखवले.

२४ मार्च १८८२ च्या संध्याकाळी बर्लिनमधील एका छोट्या सभेत त्यांनी हे काम मांडले. ते काही फर्डे वक्ते नव्हते. थांबत थांबत, साध्या शब्दांत ते बोलले. सोबत सूक्ष्मदर्शक आणणे मात्र ते विसरले नव्हते. दोनशेहून अधिक नमुने त्यांनी मांडून ठेवले होते. भाषण संपले, तेव्हा टाळ्या झाल्या नाहीत आणि कोणी प्रश्नही विचारला नाही. लोक मुकाट्याने उठले आणि एकेक करून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाहू लागले. २४ मार्च हा दिवस आता 'जागतिक क्षयरोग दिन' म्हणून पाळतात, तो या सभेमुळेच.

त्या सभेत अठ्ठावीस वर्षांचे एक डॉक्टर बसले होते. त्यांचे नाव पाउल एर्लिख. ही संध्याकाळ आपण कधीच विसरणार नाही, असे त्यांना वाटले आणि खरोखरच ती ते कधी विसरले नाहीत. एर्लिख यांना रंगांचे विलक्षण वेड होते. विद्यार्थी असल्यापासून त्यांचे टेबल, त्यांची बोटे, त्यांचे कपडे नाना रंगांनी माखलेले असत. त्यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात. कॉख एकदा ब्रेस्लाउ शहरात गेले असता कोणीतरी त्यांना या विद्यार्थ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो छोटा एर्लिख. रंग देण्यात हुशार आहे. पण परीक्षेत मात्र कधी पास व्हायचा नाही." एर्लिख परीक्षेत पास झाले आणि पुढे १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. भविष्य सांगणाऱ्याचे नाव मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाही.

सभेहून परतताच एर्लिख कामाला लागले. कॉख यांच्या पद्धतीत एक दिवस जात होता. शिवाय जंतू नेहमीच स्पष्ट दिसत असे नाही. एर्लिख यांनी रंगात ॲनिलीन नावाचे तेलकट द्रव्य मिसळलेले पाणी घातले. त्यामुळे रंग चांगला चढू लागला. असे सांगतात, की एका रात्री त्यांनी आपल्या काचपट्ट्या वाळण्यासाठी लोखंडी शेगडीवर ठेवल्या. शेगडी तेव्हा थंड होती. सकाळी कोणीतरी न बघताच ती पेटवली. एर्लिख आले आणि काचपट्ट्या तापलेल्या पाहून घाबरले. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात तो काय, जंतू कधी नव्हे इतके ठळक रंगले होते! आजीच्या तव्याची आठवण झाली ना? हा किस्सा अगदी असाच घडला की सांगता सांगता रंगला, कोण जाणे. पण उष्णतेने रंग आत मुरतो, ही गोष्ट मात्र खरी.

एर्लिख यांचा खरा शोध पुढचा आहे. रंगवलेल्या काचपट्टीवर त्यांनी चक्क नायट्रिक ॲसिड, म्हणजे तेजाब, ओतले! एक भाग तेजाब आणि दोन भाग पाणी. एवढ्या जोरदार तेजाबापुढे कोणताही रंग टिकायला नको. आणि तसेच झाले. पेशींचा रंग गेला, इतर जंतूंचा रंग गेला. फक्त क्षयाच्या जंतूंनी आपला रंग सोडला नाही. जो जंतू रंग घ्यायला तयार नव्हता, तोच आता रंग सोडायला तयार नव्हता! एर्लिख यांनी विचार केला, की या जंतूभोवती काही वेगळ्या प्रकारचे आवरण असले पाहिजे. त्यातून तेजाबाला सहज आत शिरता येत नसावे. त्यांचा तर्क बरोबर निघाला. या जंतूच्या भिंतीत मेणासारखी द्रव्ये फार असतात, हे पुढे सिद्ध झाले. मेणकापडावर पाणी ओतले तर ते ओघळून जाते, भिनत नाही. तसेच हे आहे. म्हणून साधा रंग आत जात नाही आणि एकदा आत गेलेला रंग तेजाबालाही बाहेर काढता येत नाही.

१ मे १८८२ रोजी, म्हणजे कॉख यांच्या भाषणानंतर सहा आठवड्यांच्या आत, एर्लिख यांनी आपली पद्धत डॉक्टरांपुढे मांडली. कॉख यांनी ती मोकळ्या मनाने स्वीकारली. आपल्यापेक्षा वयाने लहान माणसाने आपली पद्धत मागे टाकली, याचे त्यांना वाईट वाटले नाही. निदान त्यांनी तसे दाखवले नाही.

यानंतर सुधारणा भराभर होत गेल्या. रिंडफ्लाइश यांनी काचपट्टी मुद्दाम ज्योतीवर तापवायला सांगितले. त्याच वर्षी फ्रांत्स झील यांनी ॲनिलीनच्या जागी कार्बोलिक ॲसिड वापरले. जुन्या दवाखान्यांत जो एक उग्र वास येत असे, तो याच कार्बोलिकचा. १८८३ मध्ये फ्रीड्रिख नीलसन यांनी झील यांचे कार्बोलिक ॲसिड आणि एर्लिख यांचा फुक्सिन हा लाल रंग एकत्र केला आणि नायट्रिक ॲसिडऐवजी सल्फ्युरिक ॲसिड घेतले. ही पद्धत इतकी सोयीची ठरली, की ती जगभर पसरली. तिला 'झील-नीलसन पद्धत' म्हणतात. गंमत अशी, की जंतू दाखवणारे कॉख आणि तेजाबाची युक्ती शोधणारे एर्लिख, या दोघांचीही नावे तिच्यात नाहीत. मला विचाराल, तर एर्लिख यांचे नाव असायला हवे होते. पण नावे कशी पडतात आणि टिकतात, याला काही नियम नसतो.

आता या रंगाने काय बदलले, ते पाहा. पूर्वी डॉक्टर छातीला कान लावून, नळी लावून आवाज ऐकत आणि अंदाज करीत. पुष्कळदा रोग फार पुढे गेल्यावर तो ओळखू येई. जंतू वाढवून पाहावेत, तर तेही सोपे नाही. कित्येक जंतू अर्ध्या तासाच्या आत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे वीस तास लागतात. त्यामुळे तो प्रयोगशाळेत वाढून दिसायला अनेक आठवडे जातात. एर्लिख यांच्या पद्धतीमुळे रोग्याच्या बेडक्याचा एक ठिपका घेऊन त्याच दिवशी उत्तर देता येऊ लागले. 'घराण्याचा रोग' म्हणून कपाळाला हात लावून बसण्याचे कारण उरले नाही. कारण काचपट्टीवर घराणे दिसत नव्हते, लाल काड्या दिसत होत्या.

एक दिवस हे उत्तर एर्लिख यांच्याच घरी आले. काही वर्षे त्यांना खोकला होता. त्यांनी स्वतःचाच बेडका काचपट्टीवर घेतला, आपल्याच पद्धतीने रंगवला आणि सूक्ष्मदर्शकात पाहिले. आत क्षयाचे जंतू होते. तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. घरी पत्नी आणि दोन लहान मुली होत्या. या रोगावर तोवर खात्रीचे औषध नव्हते. कोरडी, उबदार हवा एवढाच सल्ला डॉक्टर देत. १८८८ मध्ये ते पत्नीसह इजिप्तला गेले. तिथे काही महिने राहून १८८९ मध्ये परतले, तेव्हा त्यांची तब्येत सुधारली होती. सगळ्याच रोग्यांच्या नशिबी हे नव्हते. परत आल्यावर त्यांना नोकरी नव्हती. त्यांनी भाड्याच्या जागेत छोटी प्रयोगशाळा थाटली. पुढे कॉख यांनीच त्यांना आपल्या संस्थेत बोलावले. जो रंग एका विशिष्ट जंतूलाच धरतो, तसे एखादे औषधही फक्त जंतूलाच जाऊन का धरणार नाही, हा विचार एर्लिख यांच्या मनात घोळत राहिला. १९१० साली बाजारात आलेले सॅल्व्हर्सन हे त्यांचे औषध याच विचारातून जन्मले. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मात्र १९४३ मध्ये सापडले. ते पाहायला एर्लिख हयात नव्हते. १९१५ सालीच त्यांचे निधन झाले होते.

आपल्या देशातील सरकारी दवाखान्यांत ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, की रोग्याला एक छोटी डबी देतात. "थुंकी नको, छातीतून खोकून बेडका काढा," असे तिथले कर्मचारी पुन्हा पुन्हा बजावतात. (बेडका म्हणजे उर्दूतील बलगम.) बरेच जण लाजेने नुसती थुंकी देऊन जातात आणि तपासणी वाया जाते.

बेडक्यातला घट्ट, पिवळसर भाग काडीने उचलून काचपट्टीवर पातळ पसरतात. तो वाळला, की ज्योतीवरून फिरवून पक्का करतात. मग त्यावर लाल रंग ओततात आणि खालून ज्योत फिरवतात. वाफ दिसली पाहिजे, पण रंग उकळता कामा नये. पाच मिनिटांनी काचपट्टी धुऊन त्यावर सल्फ्युरिक ॲसिडचे पाणी ओततात. शंभर भागांत पंचवीस भाग तेजाब, इतके ते जोरदार असते. लाल पाणी ओघळून जाते आणि काचपट्टी जवळजवळ पांढरी होते. शेवटी अर्धा मिनिट निळा रंग देतात. आता सूक्ष्मदर्शकात पाहिले, तर निळ्या अंगणात बारीक लाल काड्या पडलेल्या दिसतात. कुठे एकटी, कुठे दोन-तीन जवळ जवळ.

सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणाऱ्या गोल भागाला 'फील्ड' म्हणतात. जंतू नाहीत असे लिहिण्यापूर्वी निदान १०० फील्ड पाहावे लागतात. डोळे दुखून येतात, मान अवघडते. पण घाई केली आणि एखादी काडी नजरेतून निसटली, तर तो रोगी निर्धास्त होऊन घरी जातो आणि खोकत राहतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. एक मिलिलिटर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असले, तरच ते काचपट्टीवर सापडण्याची शक्यता असते. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. त्यांच्या बाबतीत ती पुष्कळदा चुकते. शिवाय जंतू लाल दिसला, तरी तो कोणत्या औषधाला दाद देणार नाही, हे रंग सांगत नाही. कुष्ठरोगाचा जंतूही तेजाबाला दाद न देणारा आहे. मात्र त्याचा रंग लवकर सुटतो, म्हणून तिथे तेजाब सौम्य वापरतात.

अलीकडे क्षयासाठी नव्या तपासण्या आल्या आहेत. त्या जंतूची आनुवंशिक खूण शोधतात आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल की नाही, हेही काही तासांत सांगतात. अशी एक तपासणी, 'ट्रूनॅट', गोव्यातील कंपनीने तयार केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिची शिफारस केली. रोग ओळखण्यासाठी आता अशा तपासण्यांना पहिली पसंती दिली जाते. पण मेलेल्या जंतूंचीही खूण शरीरात काही काळ उरते. त्यामुळे औषध लागू पडले की नाही, हे पाहायला या तपासण्या फारशा उपयोगी पडत नाहीत. दोन महिन्यांचे औषध घेऊन रोगी डबी घेऊन परत येतो, तेव्हा पुन्हा काचपट्टी काढावी लागते. लाल रंग ओततात, खालून ज्योत फिरवतात, वाफ येण्याची वाट पाहतात. मग तेजाब, मग निळा रंग. आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस एकेक फील्ड मोजू लागतो. या वेळी त्याला सगळे निळेच दिसायला हवे असते.

शब्दार्थ
काचपट्टी – नमुना ठेवण्याची काचेची सपाट पट्टी. कहर करणे – फार मोठे नुकसान करणे. फर्डा वक्ता – न अडखळता, प्रभावी बोलणारा. मुरणे – आत खोलवर जाणे. दाद न देणे – न जुमानणे. निर्धास्त – काळजी नसलेला.

स्वाध्याय
१. कॉख यांच्या भाषणानंतर सभेत काय घडले?
२. 'जो जंतू रंग घ्यायला तयार नव्हता, तोच आता रंग सोडायला तयार नव्हता,' असे लेखकाने का म्हटले आहे?
३. मेंदीचा रंग आणि क्षयाच्या जंतूचा रंग यांत कोणते साम्य आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. स्वतःची काचपट्टी पाहताना एर्लिख यांच्या मनात काय आले असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
५. पुढील शब्दांना तुमच्या घरी काय म्हणतात ते लिहा : ताप, बेडका, तेजाब, औषध, खोकला.